चाळीस दिवसांचा पंतप्रधान : सर आर्थर फॅडन



आपल्या प्रत्येक गावात हिशेब ठेवणारा एखादा माणूस असतो. पतपेढीचा असो, सणाच्या वर्गणीचा असो की मंडळाच्या सहलीचा असो, वही त्याच्याच हाती दिली जाते. सभेत भाषणे दुसरेच करतात, हारतुरे दुसऱ्यांनाच मिळतात. पण पैसे कमी पडले की सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात, आणि त्याने खरा आकडा सांगितला की तोच सर्वांना वाईट वाटतो.

असाच एक वही सांभाळणारा माणूस एका मोठ्या देशाचा पंतप्रधान झाला. पंतप्रधानपद त्याला फक्त चाळीस दिवस लाभले, आणि तेही गेले ते स्वतः मांडलेल्या हिशेबावरून. पुढे मात्र त्याच देशाने तिजोरीच्या किल्ल्या पुन्हा त्याच्याच हाती दिल्या आणि नऊ वर्षे त्याच्याकडेच ठेवल्या. ऑस्ट्रेलियाच्या राजकारणात आर्टी या लाडक्या नावाने ओळखल्या गेलेल्या सर आर्थर फॅडन यांची ही कहाणी.

उसाच्या मळ्यातील पोर

आर्थर विल्यम फॅडन यांचा जन्म १३ एप्रिल १८९४ रोजी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतातील इंगम या गावी झाला. आईवडील दोघेही आयर्लंडहून आलेले, धर्माने प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती. वडील पोलीस शिपाई होते. दहा भावंडांत आर्थर सर्वांत थोरले. शिपायाच्या पगारात दहा मुलांचे घर कसे चालत असेल, हे आपल्या आजी-आजोबांच्या काळातील मोठी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

त्यांचे बालपण मके शहराजवळच्या वॉकरस्टन या छोट्या गावात गेले. हा सारा भाग उसाचा. शाळा लवकर सुटली आणि पंधराव्या वर्षी आर्थर एका ऊसतोड टोळीबरोबर कामाला लागले. त्यांचे काम ऊस तोडण्याचे नव्हते. उन्हात राबणाऱ्या तोडणी कामगारांसाठी चहा उकळायचा आणि मळ्यात नेऊन द्यायचा, हे त्यांचे काम. पुढे प्लेस्टो येथील साखर कारखान्याच्या कचेरीत ते पोऱ्या म्हणून लागले. तिथे त्यांचा संबंध प्रथम खातेवह्यांशी आला. मळ्यात राबणारे हात त्यांनी पाहिले होते. त्या हातांची मजुरी वहीत कशी उतरते, हे आता त्यांना कळू लागले.

१९१३ मध्ये ते मके नगरपालिकेत साहाय्यक टाउन क्लार्क झाले. टाउन क्लार्क म्हणजे आपल्याकडील नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यासारखे पद. गावाचा सारा जमाखर्च त्याच्या हातून जायचा. फॅडन तिथे असतानाच नगरपालिकेच्या पैशांचा अपहार झाल्याचे उघडकीला आले, आणि १९१६ मध्ये त्या खुर्चीवर तरुण फॅडन यांना बसवण्यात आले. वय अवघे बावीस. सार्वजनिक पैसा म्हणजे कोणाचाच पैसा नव्हे असे समजणाऱ्या माणसाचे काय होते, आणि त्याने बिघडवलेला विश्वास पुन्हा जोडायला दुसऱ्याला किती कष्ट पडतात, हा धडा त्यांना नोकरीच्या आरंभीच मिळाला. त्याच वर्षी इल्मा थॉर्नबर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना दोन मुलगे व दोन मुली झाल्या.

जानेवारी १९१८ मध्ये मके शहरावर भयंकर चक्रीवादळ आले. समुद्राचे पाणी गावात शिरले, घरे कोसळली, तीस माणसे दगावली. मदतकार्याच्या कामात फॅडन पुढे होते. संकटाच्या वेळी पैसा भराभर येतो आणि भराभर जातो. अशा वेळी कोणाला किती मिळाले याची नोंद ठेवणारा माणूस लागतोच.

हिशेबतपासनीस

त्याच वर्षी त्यांनी नगरपालिकेची नोकरी सोडली. टपालाने अभ्यास करून ते लेखापालाची परीक्षा उत्तीर्ण झाले होते. टाउन्सव्हिल या बंदराच्या शहरात त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. व्यापारी, ऊस उत्पादक, पशुपालक असे नाना तऱ्हेचे लोक त्यांच्याकडे येत. कराच्या कायद्यात त्यांचा हातखंडा होता. पुढे ब्रिस्बेन या प्रांताच्या राजधानीतही त्यांनी कचेरी थाटली.

हिशेबतपासनिसाच्या खोलीत माणूस खरे बोलतो, कारण तिथे खोटे बोलून उपयोग नसतो. दुष्काळात कोणाची जनावरे मेली, कोणाच्या डोक्यावर बँकेचे किती कर्ज आहे, कोणाचे दुकान आतून पोखरले आहे, हे फॅडन यांना कागदावरून दिसत होते. ते स्वभावाने मोकळे, गप्पिष्ट, विनोदी होते. गंमत सांगून समोरच्याला हसवायचे आणि हसता हसता कटू आकडा त्याच्यापुढे ठेवायचा, ही त्यांची रीत होती. ती त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली.

१९३० मध्ये ते टाउन्सव्हिल नगरपालिकेवर निवडून आले. १९३२ मध्ये केनेडी मतदारसंघातून क्वीन्सलंडच्या विधानसभेत गेले. ते विरोधी बाकावर होते आणि सरकारच्या आर्थिक व्यवहारांवर त्यांची नजर होती. प्रांताचे हिशेब ते एखाद्या दुकानाच्या वह्या तपासाव्या तसे तपासत. पैसा कोणत्या निधीतून कोणत्या निधीत वळवला, हे सभागृहात उभे राहून सांगत. तीन वर्षांनी मतदारसंघांची फेररचना झाली आणि १९३५ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. ते पुन्हा आपल्या वह्यांकडे वळले.

पण फार दिवस नाही. १९३६ च्या डिसेंबरमध्ये डार्लिंग डाउन्स या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि फॅडन कंट्री पार्टीच्या वतीने राष्ट्रीय संसदेत पोचले. कंट्री पार्टी हा प्रामुख्याने शेतकरी आणि पशुपालक यांचा पक्ष. शहरी मध्यमवर्गाच्या युनायटेड ऑस्ट्रेलिया पक्षाबरोबर युती करून तो सत्तेत असे. समोर विरोधात मजूर पक्ष.

पक्षापेक्षा सभ्यता

एप्रिल १९३९ मध्ये पंतप्रधान जोसेफ लायन्स यांचे अचानक निधन झाले. कंट्री पार्टीचे नेते सर अर्ल पेज काही दिवसांपुरते पंतप्रधान झाले. मोठ्या पक्षाने रॉबर्ट मेंझीस यांना नेता निवडले. पेज यांना ते पसंत नव्हते. पहिल्या महायुद्धात मेंझीस रणांगणावर गेले नाहीत, असा व्यक्तिगत ठपका त्यांनी भर सभागृहात मेंझीस यांच्यावर ठेवला.

फॅडन संसदेत नवखे होते, आणि बोलणारे पेज त्यांचेच नेते. गप्प बसणे सोपे होते. पण धोरणावर टीका वेगळी आणि माणसाच्या घरगुती निर्णयाचे जाहीर वाभाडे काढणे वेगळे, असे त्यांचे मत होते. काही सहकाऱ्यांसह ते संसदीय पक्षातून बाहेर पडले. पेज यांना पुढे नेतेपद सोडावे लागले, त्यानंतरच फॅडन परतले.

या प्रसंगाने त्यांचे नाव झाले. मार्च १९४० मध्ये ते मंत्री झाले. त्या ऑगस्टमध्ये कॅनबेराजवळ विमान कोसळून तीन मंत्री आणि लष्करप्रमुख यांच्यासह दहाजण ठार झाले, आणि हवाई दलाचे खाते फॅडन यांच्याकडे आले. ऑक्टोबरमध्ये कंट्री पार्टीच्या नेतेपदासाठी दोन ज्येष्ठांना सारखी मते पडली. तोडगा म्हणून दोघांनाही बाजूला ठेवून फॅडन यांना हंगामी नेता करण्यात आले. लगेच ते देशाचे अर्थमंत्रीही झाले. साखर कारखान्यातील पोऱ्याच्या हाती आता राष्ट्राची वही आली होती.

एका पौंडाची गोष्ट

दुसरे महायुद्ध चालू होते. सैन्य, जहाजे, दारूगोळा यांसाठी पैसा पाण्यासारखा लागत होता. शिवाय १९४० च्या निवडणुकीत सरकार व विरोधक यांच्या जागा समसमान झाल्या होत्या. दोन अपक्षांच्या पाठिंब्यावर सरकार उभे होते.

फॅडन यांच्या पहिल्या अंदाजपत्रकावरच मजूर पक्षाने आक्षेप घेतला. अल्प उत्पन्नाच्या लोकांवर कर जास्त, निवृत्तीवेतन व सैनिकांचे भत्ते कमी, अशी त्यांची तक्रार होती. फॅडन यांनी मजूर पक्षाचे नेते जॉन कर्टिन यांच्याशी बोलणी केली, काही गोष्टी मान्य केल्या आणि अंदाजपत्रक मंजूर करून घेतले. कर्टिन गंभीर आणि अबोल, फॅडन मोकळे आणि बोलके. पण दोघांमध्ये खरी मैत्री जमली.

१९४१ च्या आरंभी मेंझीस चार महिने इंग्लंडला गेले. तेवढा काळ फॅडन यांनी पंतप्रधानपदाचे काम पाहिले. मेंझीस परत आले तेव्हा त्यांचा स्वतःचाच पक्ष त्यांच्यावर नाराज होता. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. युतीच्या दोन्ही पक्षांच्या खासदारांनी एकमताने लहान पक्षाचे फॅडन यांना नेता निवडले आणि २९ ऑगस्ट १९४१ रोजी ते ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले. क्वीन्सलंडमध्ये जन्मलेले ते पहिले पंतप्रधान.

अर्थखातेही त्यांनी स्वतःकडे ठेवले आणि महिन्याभरातच अंदाजपत्रक मांडले. युद्धाचा खर्च भागवायचा तर केवळ श्रीमंतांकडून तो निघणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून मध्यम व लहान उत्पन्नाच्या लोकांकडूनही सक्तीने रक्कम घ्यायची, तिचा काही भाग कर समजायचा आणि काही भाग युद्धानंतर परत करायचे कर्ज समजायचे, अशी योजना त्यांनी आखली. मजूर पक्षाला ती मान्य नव्हती. ज्याच्या पदरी मुळात थोडे आहे त्याच्याकडून सक्तीने घेऊ नये, आधी ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांच्याकडे जावे, ही कर्टिन यांची भूमिका.

दोन्ही बाजूंत तथ्य होते हे आज मान्य करायला हवे. खर्च खरा होता आणि गरिबाचे ओझेही खरे होते.

कर्टिन यांनी सूचना मांडली की, अंदाजपत्रकातील पहिल्या रकमेतून एक पौंड कमी करावा. एका पौंडाने कोणाचे काही बिघडत नाही. पण अशी सूचना मंजूर झाली तर सभागृहाचा सरकारवर विश्वास उरला नाही, असा तिचा अर्थ होतो. आपल्या लोकसभेतील कपात सूचनेमागेही हाच विचार आहे. ३ ऑक्टोबर १९४१ रोजी मतदान झाले. आर्थर कोल्स आणि अलेक्झांडर विल्सन हे दोन्ही अपक्ष विरोधकांच्या बाजूने गेले. ३६ विरुद्ध ३३ मतांनी सरकार पडले.

फॅडन यांनी राजीनामा दिला आणि ७ ऑक्टोबरला कर्टिन पंतप्रधान झाले. दोन्ही टोकांचे दिवस धरले तर फॅडन यांची कारकीर्द बरोबर चाळीस दिवसांची. त्यावर त्यांनी स्वतःचीच थट्टा केली. नोहाच्या काळातील जलप्रलयाप्रमाणे आपणही चाळीस दिवस व चाळीस रात्री राज्य केले, असे ते पुढे हसत सांगत.

पडल्यानंतर

सत्ता गेल्यावर माणसाची खरी परीक्षा होते. दोनच महिन्यांत जपान युद्धात उतरला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरावर बाँब पडले. फॅडन आता विरोधी पक्षनेते होते. ज्याने आपल्याला पाडले त्या कर्टिन यांच्या अडचणी वाढवून सूड उगवायला ही वेळ बरी होती. पण सर्वपक्षीय युद्ध सल्लागार मंडळात ते कर्टिन यांच्याबरोबर बसले. सभागृहात टीका करत, पण युद्धाच्या कामात आडकाठी करत नसत. जुलै १९४५ मध्ये कर्टिन पंतप्रधानपदावर असतानाच वारले. दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली.

१९४३ च्या निवडणुकीत मात्र फॅडन यांच्या नेतृत्वाखालील विरोधकांचा दारुण पराभव झाला. त्यांनी आघाडीचे नेतेपद मेंझीस यांच्याकडे जाऊ दिले आणि स्वतः कंट्री पार्टीपुरते नेते राहिले. एकदा पंतप्रधान झालेल्या माणसाला दुसऱ्याच्या हाताखाली काम करणे जड जाते. फॅडन यांनी ते पंधरा वर्षे केले. मेंझीस परदेशी गेले की पंतप्रधानपदाचा भार त्यांच्यावर येई. असे सारे दिवस एकत्र मोजले तर ते दीड वर्षाहून अधिक भरतात. पण ती खुर्ची आपली व्हावी म्हणून त्यांनी मेंझीस यांचे पाय कधी ओढले नाहीत.

आपल्याच लोकांकडून वसुली

१९४९ च्या डिसेंबरमध्ये युती पुन्हा सत्तेवर आली. पेट्रोलचे रेशनिंग उठवू, असे आश्वासन फॅडन यांनी प्रचारात दिले होते. १९५० च्या आरंभी ते पाळले गेले. पण युतीचे दुसरे आश्वासन फार अवघड होते. महागाईने पौंडाची घसरलेली किंमत सावरू, असे तिने लोकांना सांगितले होते. फॅडन पुन्हा अर्थमंत्री झाले आणि नेमके उलटेच घडू लागले.

जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले. सैनिकांच्या कपड्यांसाठी लोकरीला प्रचंड मागणी आली. ऑस्ट्रेलिया म्हणजे मेंढ्यांचा देश. लोकरीचा भाव एका वर्षात दुपटीहून अधिक वाढला. मेंढपाळांच्या हाती कधी नव्हे इतका पैसा आला आणि तो बाजारात ओतला गेला. माल तेवढाच, पैसा मात्र कितीतरी जास्त. साहजिकच भाव भडकले. १९५१ मध्ये महागाईचा दर वीस टक्क्यांच्या वर गेला. लोकरवाल्याची चांदी झाली, पण पगारदार आणि निवृत्तीवेतनावर जगणारे वृद्ध भरडले जाऊ लागले.

यावर एक उपाय अर्थतज्ज्ञ सुचवत होते. ऑस्ट्रेलियन पौंडाचे मूल्य वाढवावे, म्हणजे परदेशातून येणारा माल स्वस्त होईल. पण त्यामुळे निर्यात करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचे उत्पन्न घटले असते. फॅडन व त्यांच्या पक्षाने त्याला ठाम विरोध केला आणि तो उपाय बारगळला. इथे ते आपल्या मतदारांचे प्रतिनिधी म्हणून वागले. देशाच्या हितापेक्षा पक्षाचे हित पाहिले, असा आरोप त्यांच्यावर तेव्हा झाला.

पण मग पैसा कुठून तरी उचलायला हवा होता. फॅडन यांनी दुसरा मार्ग काढला, आणि तो थेट त्यांच्याच मतदारांच्या खिशात जाणारा होता. १९५० च्या अंदाजपत्रकात त्यांनी लोकरीच्या विक्रीतून २० टक्के रक्कम आगाऊ कर म्हणून कापून घेण्याची योजना आणली. यामागे त्यांचा टाउन्सव्हिलमधील अनुभव दिसतो. यंदाच्या भरभराटीवरचा कर पुढच्या वर्षी भरायचा असतो. तोवर हातातला पैसा खर्च होतो, भाव पडतात आणि कर भरायला शेतकऱ्याला कर्ज काढावे लागते. म्हणून पैसा आहे तेव्हाच बाजूला ठेवलेला बरा. लोकरवाले खवळले. ज्याला आम्ही निवडून दिले त्यानेच आमच्या खिशात हात घातला, अशी त्यांची भावना झाली. पुढे १९५१ मध्ये लोकरीचे भाव खरोखरच कोसळले.

भीतिदायक अंदाजपत्रक

एवढ्याने महागाई थांबली नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये फॅडन यांनी जे अंदाजपत्रक मांडले ते ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात भीतिदायक अंदाजपत्रक म्हणून प्रसिद्ध आहे. प्राप्तिकरावर दहा टक्के अधिभार, कंपन्यांवर जादा कर, विक्रीकरात वाढ. खर्चापेक्षा जमा मुद्दाम जास्त ठेवली होती, ती बाजारातील जादा पैसा काढून घेण्यासाठी.

साध्या माणसाला हे समजणे कठीण. सरकारजवळ शिल्लक आहे, मग आमच्याकडून आणखी का घेता, असा त्याचा प्रश्न. महागाई हाही एक करच आहे, तो कायद्याशिवाय वसूल होतो आणि गरिबाकडून सर्वांत जास्त वसूल होतो, हे त्याला दिसत नाही. दिसतो तो पगारातून कापला जाणारा पैसा.

चोहोकडून टीकेचा भडिमार झाला. व्यापारी, कामगार, शेतकरी सारेच रागावले. आपल्या सर्व चाहत्यांची सभा आता टेलिफोनच्या एका खोक्यात भरवता येईल, अशी थट्टा फॅडन यांनी केली. १९५२ मध्ये मंदी जाणवू लागली, बेकारी वाढली, आयातीवर निर्बंध आले. लोकरीचा भाव पडत असतानाच करवाढ आल्यामुळे औषध जरा कडक झाले, असे टीकाकारांनी म्हटले, आणि त्यातही तथ्य होते. ऑक्टोबर १९५२ मध्ये फ्लिंडर्स येथील पोटनिवडणुकीत सरकारने आपली हक्काची जागा गमावली.

फॅडन डगमगले नाहीत. महागाई उतरली. १९५३ मध्ये त्यांनी कर कमी केले. १९५४ च्या निवडणुकीत सरकार थोडक्यात वाचले, मजूर पक्षाला मते जास्त आणि युतीला जागा जास्त अशा स्थितीत. त्यानंतरची वर्षे ऑस्ट्रेलियासाठी स्थैर्याची गेली. घरे बांधली गेली, कारखाने उभे राहिले, युरोपातून लाखो निर्वासित व स्थलांतरित येऊन वसले.

एक काम मात्र त्यांच्या हातून पुरे झाले नाही. ऑस्ट्रेलियात कॉमनवेल्थ बँक ही एकच संस्था देशाच्या मध्यवर्ती बँकेचे कामही करी आणि ग्राहकांच्या ठेवी घेऊन धंदाही करी. जो पंच तोच खेळाडू, अशी ही स्थिती. मध्यवर्ती बँक वेगळी करण्याची विधेयके फॅडन यांनी आणली, पण वरिष्ठ सभागृहात ती अडली. ते निवृत्त झाल्यावर १९५९ मध्ये कायदा झाला आणि जानेवारी १९६० मध्ये ऑस्ट्रेलियाची रिझर्व्ह बँक सुरू झाली. पेरणी फॅडन यांनी केली, कापणी दुसऱ्याने.

अखेरचा ताळेबंद

१९५८ च्या अखेरीस फॅडन यांनी राजकारण सोडले. तोवर त्यांनी अकरा अंदाजपत्रके मांडली होती. हा विक्रम मोडायला २००७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पीटर कॉस्टेलो यांनी बारावे अंदाजपत्रक मांडले. १९५१ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला होता. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या. २१ एप्रिल १९७३ रोजी ब्रिस्बेन येथे वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. संसदेचा एक मतदारसंघ आणि कॅनबेरातील एक वस्ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

ताळेबंद मांडायचा तर दोन्ही बाजू मांडायला हव्यात. फॅडन यांच्या साऱ्या कारकिर्दीत ऑस्ट्रेलियात गोऱ्यांनाच प्रवेश देण्याचे धोरण होते. त्यांचे बालपण गेले त्या उसाच्या मळ्यांत पूर्वी पॅसिफिक बेटांवरून आणलेले मजूर राबत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांतील बहुतेकांना सक्तीने परत पाठवण्यात आले. त्या अन्यायाविरुद्ध उभे राहणाऱ्यांत फॅडन यांचे नाव नाही. आपल्या काळाच्या पलीकडे त्यांची दृष्टी इथे गेली नाही. ते धोरण पूर्णपणे संपले १९७३ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी. आज आपल्या ओळखीच्या कित्येक घरांतील मुले मेलबर्न, सिडनी, पर्थ येथे संसार करतात. फॅडन पंतप्रधान होते तेव्हा त्यांना तिथे वसता आले नसते.

जमेच्या बाजूला काय लिहावे? ते महान वक्ते नव्हते, विचारवंत नव्हते. त्यांनी देशाला नवे स्वप्न दाखवले नाही. परंतु त्यांच्या हातात वही असताना ती खोटी लिहिली गेली, असे कोणाला म्हणता आले नाही. लोकांना गोड वाटावे म्हणून त्यांनी आकडा बदलला नाही. एकदा त्याची किंमत पंतप्रधानपद देऊन मोजली, दुसऱ्यांदा लोकप्रियता देऊन. आणि दोन्ही वेळा मनात विष न ठेवता हसून मोजली.

आपल्या संस्थांच्या वार्षिक सभेत खजिनदार उभा राहतो तेव्हा आपण घड्याळाकडे पाहतो. तूट सांगितली की त्याच्यावर चिडतो, वर्गणी वाढवा म्हणाला की कुजबुजतो. पुढच्या सभेत तो उभा राहील तेव्हा त्याचा ताळेबंद शेवटपर्यंत ऐकावा. शंका आली तर सर्वांसमोर विचारावी. आणि हिशेब खरा निघाला, तर तो आपल्याला आवडला नाही तरी त्याचे आभार मानावेत.